कडू तीर्थ

नाशिक, तांबट आळी
१२ जुलै १९३६

चि. खंडू,

आशीर्वाद घे आणि हे पत्र एकट्यानं वाच. उत्तर घरी नको, माझ्या शाळेच्या पत्त्यावर टाक. झुंबरआत्याला अक्षरओळख नाही, पण तुझं पाकीट मात्र ती लांबूनही ओळखते आणि उचलून थेट आबांपुढं ठेवते.

तू रूथशी लग्न केलंस आणि डॉक्टरकी करायला कराचीला गेलास, त्यानंतर आबांनी तुझं नाव घेतलेलं नाही. कुणी विचारलं तर ‘मला एक मुलगी आहे’ एवढंच सांगतात. गेल्या महिन्यात त्यांनी दुकान बंद केलं, हातोडे गुंडाळून माळ्यावर टाकले आणि आषाढी एकादशीला पंचवटीतल्या मठात राहायला गेले. चातुर्मासभर एकदाच जेवायचं आणि तेही अळणी, असा संकल्प केला आहे. यंदा अधिक भाद्रपद, म्हणजे चातुर्मास पाच महिन्यांचा. संकल्प कशासाठी हे ते सांगत नाहीत. आत्या सांगते. शरणपूरची ख्रिस्ती मुलगी चिमाजी तांबटाच्या घरात आली, त्याचं प्रायश्चित्त म्हणून.

हे तुला टोचायला लिहीत नाही. लिहायचं कारण वेगळं आहे. आबांच्या पायांवर सूज आली आहे. बोट दाबलं तर खड्डा पडतो आणि बराच वेळ भरत नाही. सकाळी डोळ्यांखालीही फुगलेलं असतं. घाटाच्या पायऱ्या चढताना मध्येच बसतात आणि मी पाहिलं की गंगेकडे पाहत असल्याचं सोंग करतात. वैद्यांची पुडी त्यांनी नदीत टाकली. डॉक्टराचं तर नावच काढायला नको, कारण डॉक्टर म्हटलं की तू आठवतोस.

बाकी सगळं ठीक आहे. काय करू ते लवकर कळव.

तुझी अक्का
नवसा


कराची
१८ जुलै १९३६

ती. अक्का,

नमस्कार. माझ्या पापाचं प्रायश्चित्त आबांनी करायचं आणि ते करताना स्वतःचे पाय सुजवून घ्यायचे, हा न्याय फक्त आपल्या घरात चालतो. असो.

तू सांगितलंस त्यावरून ही पाण्याची सूज आहे. घाबरण्यासारखं नाही. भद्रकालीत महेबूबभाईंचं औषधाचं दुकान आहे, तिथं जुलाबाचं मीठ माग. पांढरे स्वच्छ खडे असतात. एक मोठा चमचा कोमट पाण्यात विरघळवून रोज सकाळी उपाशीपोटी द्यायचं. पोट साफ होईल, पोटावाटे अंगातलं पाणी जाईल, सूज उतरेल. आमच्या इस्पितळात सुजेच्या रोग्याला पहिलं हेच देतात.

माझं नाव सांगू नकोस, एवढं तुला सांगायला नको. कसं पाजायचं ते तू बघ. लहानपणी मला एरंडेल पाजणारी तूच होतीस, तेव्हा ही कला तुला येते.

रूथ मजेत आहे. तुझी आठवण काढते.

तुझा
खंडू


नाशिक
३० जुलै १९३६

चि. खंडू,

पाजलं. कसं ते ऐक.

आबा माझ्या हातून घेईनात, म्हणून मी पुडी घेऊन सरळ बुवांकडे गेले. हे मठाचे बुवा तसे साधे गृहस्थ आहेत, कमी बोलतात. मी म्हटलं, कोठा शुद्ध व्हायला चांगलं आहे, पण मीठ म्हणतात आणि आबांचं व्रत अळणी. बुवांनी एक खडा जिभेवर ठेवला. त्यांचं तोंड असं वाकडं झालं की मला हसू आवरेना. मग म्हणाले, “हे खारट नाही, कडू आहे. व्रताला बाधत नाही.” त्यांनी ते पाण्यात विरघळवलं, वर तुळशीचं पान टाकलं आणि सकाळच्या आरतीनंतर तीर्थ म्हणून आबांच्या हातावर घातलं. पेलाभर तीर्थ. आबांनी डोळे मिटून सगळं संपवलं. तुझं औषध आहे हे कळतं तर पेल्यासकट मला बाहेर काढलं असतं.

सूज बरीच उतरली आहे. घोट्याचं हाड दिसायला लागलं. बुवांचा देवराम म्हणून एक शिष्य आहे, घोटीचा तांदळाचा व्यापारी. मठाचा सगळा कारभार तोच पाहतो. तो सगळ्यांना सांगतो की तीर्थाचा गुण आला. मी गप्प बसते. गुण कुणाचाही असो, पाय आपल्या आबांचे आहेत.

महेबूबभाईंकडून मोठा डबाच आणून मठात ठेवला आहे. चालू ठेवू ना?

अक्का


कराची
५ ऑगस्ट १९३६

ती. अक्का,

शाबास. नाशकात माझं औषध तीर्थ म्हणून खपतं आहे आणि मी इथं साधा डॉक्टर म्हणून कुजतो आहे.

चालू ठेव. आबांना बरं वाटलं की मला फार बरं वाटतं, हे मी कुणाजवळ बोलत नाही, तुझ्याजवळ बोलतो. इथं हिवतापाची गडबड आहे, म्हणून पत्र आखूड. रूथ मजेत आहे, शिवणकाम करत असते.

खंडू


नाशिक
१७ ऑगस्ट १९३६

चि. खंडू,

आज तुला असं काही सांगणार आहे की तू बसून वाच.

आबा पार बदलले आहेत. गोकुळाष्टमीपासून बुवांनी तीर्थ त्रिकाळ केलं, तिन्ही आरत्यांना, आणि तेव्हापासून आबांचा राग हळूहळू गेलाच म्हण ना. आत्या मठात येऊन कुरकुरते, ते ऐकून घेतात. भाताची ढेप झाली तरी बोलत नाहीत. बसल्या जागी डोळे मिटतात. चेहऱ्यावर लाली आली आहे, हात लावला तर ऊबदार लागतात. हाक मारली की पापण्या सावकाश उघडतात, तोंडातल्या तोंडात शब्द येतो, पुन्हा मिटतात. देवराम म्हणतो ही उन्मनी अवस्था आहे, लाखात एकाला मिळते. सिन्नर-ओझरकडून माणसं दर्शनाला येऊ लागली आहेत. ज्या माणसानं जन्मभर आळीतल्या प्रत्येकाशी भांडण केलं, त्याच्या पाया पडायला रांग लागलेली पाहून मला आधी गंमत वाटली. मग मात्र वाटलं, खरंच काही असेल. त्यांना एवढं शांत मी आई होती तेव्हाही पाहिलं नव्हतं.

काल संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर मी त्यांच्या कानाशी गेले. विचारलं, “आबा, खंडूला बोलवू?”

पापण्या सावकाश उघडल्या. मग जीभ जड झाल्यासारखे म्हणाले, “बोलव.”

खंडू, मी तिथंच रडले. ये. रूथलाही घेऊन ये.

तुझी
अक्का


कराची
२२ ऑगस्ट १९३६

ती. अक्का,

पत्र वॉर्डात उभ्या उभ्या वाचलं आणि मग औषधाच्या खोलीत जाऊन, दार लावून पुन्हा वाचलं. तिथल्या बाटल्या सोडल्या तर माझं रडणं कुणी पाहिलं नाही. रजेचा अर्ज केला आहे. ती मिळायला पंधरवडा लागेल, मग पहिल्या गाडीनं निघतो.

आता माझं एक लपवलेलं सांगतो. रूथ इथं नाहीच. जुलैअखेरीला ती शरणपूरला तिच्या आईकडे आली आहे, सातवा महिना आहे. तू शाळेत जातेस तिथून ती फार तर दोन मैलांवर असेल. तुला कळलं असतं तर तू भेटायला गेली असतीस, आत्याला वास लागला असता, आबांच्या कानावर गेलं असतं. ते काय बोलतील या भीतीनं मी ‘मजेत आहे, शिवणकाम करते’ असं लिहीत राहिलो. शिवणकाम करते हे खोटं नाही. टोपडी शिवते. आता लपवायचं कारणच उरलं नाही. उद्या तिला लिहितो, तू जाऊन तिला

२३ ऑगस्ट

कालचं पत्र अर्धवट राहिलं, ते तसंच पाठवतो.

काल मोठ्या डॉक्टरांना मी बढाईनं सांगायला गेलो की वडिलांची सूज उतरली. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, लघवी किती होते? मी तुला विचारलंच नव्हतं. मग त्यांनी विचारलं, आता कसे आहेत? मी मोठ्या आनंदानं सांगितलं की शांत आहेत. त्यांनी खुर्ची मागे सारली, कपाटातून अमेरिकेतलं एक वैद्यकी मासिक काढून माझ्यापुढं ठेवलं आणि बोट दाखवलं.

अक्का, त्या मिठात मॅग्नेशियम नावाचा धातू असतो. तो विष नाही. पालेभाजीत, नागलीत, बाजरीत, डाळींत असतो, तू मी रोज खातो. तो हाडांत असतो, नसांना लागतो. फार कमी पडला तर हातपाय थरथरतात, झटके येतात. जास्त झाला तर मूत्रपिंडं तो लघवीवाटे टाकून देतात, म्हणून धडधाकट माणसाला हे मीठ बाधत नाही. पण ज्याची मूत्रपिंडं थकली आहेत त्याच्या रक्तात तो साठत जातो आणि नसा एकेक करून गप्प होतात. चेहरा लाल आणि ऊबदार. पापण्या जड. जीभ जड. रोगी शांत दिसतो. मग गुडघ्यावर टिचकी मारली तरी पाय उडत नाही, आणि शेवटी श्वासाचे स्नायूच हलायचे थांबतात.

हे सगळं तू मला ओळीनं लिहून पाठवलं होतंस. त्रिकाळ तीर्थ हेही लिहिलं होतंस. मला त्या पत्रात एकच शब्द दिसला आणि तो घेऊन मी नाचलो. आबांची सूज मूत्रपिंडांची होती, मी न तपासता औषध सांगितलं, आणि कराचीत बसून मी आबांना मारतो आहे.

तुला तार केली आहे, मीठ बंद कर म्हणून. रूथलाही केली आहे. ती तिथल्या मिशनच्या दवाखान्यात परिचारिका होती, तिला ओळखतात. यावर कॅल्शियमची सुई हा उतारा आहे. शिरेत, अगदी सावकाश द्यायची. गाडीनं मी वेळेत पोचू शकत नाही, ती पोचू शकते.

लघवीचं मला सरळ लिही, लाजू नकोस.

खंडू


नाशिक
२५ ऑगस्ट १९३६, दुपार

खंडू,

तुझी तार काल आली. मला आज मिळाली.

तार म्हणजे मयताची बातमी, हे आत्याच्या डोक्यात पक्कं. अशी बातमी घरात फोडली नाही तर ती खरी ठरत नाही, असंही तिचंच शास्त्र. तिनं ती तांदळाच्या डब्यात पुरून ठेवली आणि रात्रभर जप करत बसली. सकाळी मी भात टाकायला डबा उघडला तेव्हा हाताला लागली.

‘जुलाबाचं मीठ ताबडतोब बंद. धोका. रूथ येईल, तिला आत घे.’ एवढंच होतं. का बंद ते कळलं नाही, पण तू उगाच तार करणारा नाहीस, आणि परवापासून माझ्याही मनात पाल चुकचुकत होती. रूथ कराचीहून कशी येईल हे मात्र कळत नाही.

मी तशीच मठात धावले. आबा कालपासून बोललेले नाहीत. डोळे उघडत नाहीत. श्वास घेतात आणि पुढचा इतक्या उशिरानं घेतात की आपलाच जीव कासावीस होतो. पाणी तोंडाशी नेलं तर ओठांवरून खाली आलं. गिळता येत नाही म्हणून देवराम कापसाचा बोळा तीर्थात बुडवून त्यांच्या ओठांवर पिळत होता. मी सगळ्यांसमोर सांगितलं की हे तीर्थ नाही, माझ्या भावानं सांगितलेलं जुलाबाचं औषध आहे. कुणाचा विश्वास बसला नाही. देवराम म्हणाला, मुलीला मोह सुटत नाही, साहजिक आहे. मग मी तीर्थाचं भांडं लवंडून दिलं. बायकांनी मला दंडाला धरून बाहेर काढलं. बुवांना विचारलं तर ते खाली बघत म्हणाले, मी कुणाला अडवत नाही. अडवत नाहीत आणि सोडवतही नाहीत.

मागच्या आवारात चिंचेखाली खणायला सुरुवात झाली आहे. समाधीसाठी.

डॉक्टर आणते म्हटलं तर आबांच्या अंगाला औषध लावू देणार नाही असं चौघं दारात उभे राहून सांगतात. तुला आणखी एक सांगायचं आहे. आबांना महिनाभर लघवी फारच थोडी होत होती. आत्यानं मला जुलैतच सांगितलं होतं. वडिलांचं असं भावाला कसं लिहायचं, म्हणून मी ‘बाकी सगळं ठीक आहे’ लिहिलं. त्याचा काही संबंध असेल तर मला माफ करू नकोस.

तार करायला निघाले आहे. हे पत्र तुला मिळेल तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल. मला कुणाला तरी लिहायचं होतं.

नवसा


नाशिक
२७ ऑगस्ट १९३६

चि. खंडू,

माझी तार मिळाली असेल. आबा आहेत. आता सगळं लिहिते. तुझं पत्र आजच आलं, म्हणून कोडं उलगडलं.

पंचवीस तारखेला तार करून मी मठाच्या दाराशी परत आले तर टांग्यातून रूथ उतरली. सातव्या महिन्याचं पोट, पांढरं लुगडं, हातात टोपडी भरायची असते तसली कापडी पिशवी. मी बघतच राहिले. तुझी तार तिला आदल्या दिवशीच मिळाली होती. दवाखान्यात कॅल्शियम नव्हतं, ते मनमाडहून सकाळच्या गाडीनं मागवून घेतलं आणि ती थेट निघाली. मिशनच्या गोऱ्या डॉक्टरीणबाई स्वतः यायला तयार होत्या, हीच नको म्हणाली. मडमेला दारातूनच परतवतील, मला कदाचित नाही, असं तिचं म्हणणं.

दारात देवरामची माणसं होती. पण पोटुशी बाई दर्शनाला आली की रांगेत उभी करत नाहीत, आधी सोडतात. त्यांनी ‘या, या’ म्हणून वाट केली. कुंकवाचा करंडा घेऊन एक बाई उंबऱ्याशी बसली होती, येणाऱ्या प्रत्येक सवाष्णीला लावायची. रूथ तिच्यापुढं वाकली आणि कपाळ पुढं केलं. मागाहून विचारलं तर म्हणाली, “लावू दिलं, अक्का. तेवढ्यावरून वाट अडायला नको होती, मला आत जायचं होतं.”

मला दारातल्या बायका सोडीनात. रूथ मागे वळून म्हणाली, ही माझ्याबरोबर आहे, मला एकटीला वाकता येत नाही. म्हणून मीही आत गेले.

तिनं आबांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि उठताना गुडघ्याखाली हाताच्या कडेनं हलका ठोका दिला. पाय जागचा हलला नाही. दुसऱ्या पायाचं तेच. मला हळूच म्हणाली, “पदर पसरा.” मी पाठमोरी होऊन, आरतीला वारा लागू नये म्हणून धरतात तसा, पदर आडवा धरला. तिनं पिशवीतून सुई काढली, आबांचा हात मांडीवर घेतला, शीर शोधली. कुपीतलं पाणी इतकं सावकाश आत सोडत होती की मला ओरडावंसं वाटत होतं, लवकर कर म्हणून. लवकर केलं तर काळीजच थांबेल, हे तिनं नंतर सांगितलं. अर्ध्यातच देवरामनं पाहिलं. तो ओरडत आला. मी त्याच्या आणि रूथच्या मध्ये उभी राहिले आणि सांगितलं की गरोदर बाईला हात लावलास तर या मठात पुन्हा कुणी पाऊल टाकणार नाही. तो थांबला. माणसं उठून उभी राहिली होती. रूथनं मान वर केली नाही, तिचा अंगठा तसाच सावकाश पुढं सरकत राहिला.

आधी श्वास आला. मोठा, घशातून आवाज करत. मग लगेच दुसरा. सुई निघाली तेव्हा आबांच्या पापण्या हलत होत्या. पुढच्या काही क्षणांत त्यांनी डोळे उघडले आणि समोर वाकलेल्या बाईला विचारलं, “कोण तू?”

“खंडूची बायको,” ती म्हणाली.

“तुला कुणी बोलावलं इथं?”

तो आवाज आपल्या आबांचा होता. दुकानातून गिऱ्हाइकाला हाकलायचे तोच. खंडू, मी रडत होते आणि हसतही होते, कारण ते रागावले होते.

देवरामनं हंबरडा फोडला की समाधीतल्या माणसाला खाली ओढलं. बुवा मात्र पुढं आले, आबांजवळ बसले आणि त्यांनी विचारलं की आत काय दिसलं. आबा जड जिभेनंच पण स्पष्ट म्हणाले, “काही दिसलं नाही. ऐकू सगळं येत होतं. हा देवराम खड्डा किती लांब हवा ते विचारत होता, तेही ऐकलं. हात हलवावा म्हणत होतो, हलत नव्हता.”

बुवा उठले आणि आत गेले. मागची कुदळ थांबली. रांगही थोड्या वेळात आपोआप विरली. रूथनं पुन्हा एकदा सुई दिली आणि डॉक्टरीणबाई संध्याकाळी आल्या तेव्हा त्यांना कुणी अडवलं नाही. आता आबा घरी आहेत.

आता जे लिहायला हात उचलत नव्हता ते. ‘बोलव’ म्हणाला होतात, ते आठवतं का, असं मी काल आबांना विचारलं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. रूथ शरणपूरहून दोनदा येऊन बघून गेली, तिच्याशी ते एक शब्द बोलले नाहीत. ते बरे झाले, खंडू. पूर्वीसारखे झाले. तो ‘बोलव’ आबांचा नव्हता, त्या मिठाचा होता. मी तुला खोटी आशा लावली.

तुझी अक्का


कराची
२ सप्टेंबर १९३६

ती. अक्का,

तू मला काही लावलं नाहीस. मीठ मी सांगितलं, प्रमाण मी सांगितलं, पुढं काय होतंय ते मी विचारलं नाही. तू लघवीचं लिहिलं नाहीस कारण तू लेक आहेस. मी विचारलं नाही कारण मी स्वतःला शहाणा समजत होतो. या दोहोंत दोष कुणाचा हे ठरवायला पंच नकोत.

आबांना आता ते मीठ कधीच नाही, कुणी सोन्याच्या वाटीत दिलं तरी. जेवण डॉक्टरीणबाई सांगतील तसं. पालेभाजी, नागली, डाळ त्या म्हणतील तेवढीच. शरीराला तो धातू हवा असतो आणि अन्नातून जेवढा मिळतो तेवढा एरवी पुरतो, पण आबांची मूत्रपिंडं आता जास्तीचं काही सहन करणार नाहीत. व्रत म्हणून अळणी खात होते ते आता औषध म्हणून खावं लागेल, हे त्यांना तू सांग. माझं नाव घेऊ नकोस.

रजेचा अर्ज मी मागे घेतला आहे. जो माणूस मला बोलावत नाही त्याच्या दारात जाऊन मी त्याचा रक्तदाब वाढवणार नाही. मला वाईट वाटतं का, तर वाटतं. फार वाटतं. पण मिठानं गप्प केलेल्या आबांनी माझ्याशी गोड बोलावं, यापेक्षा त्यांनी शुद्धीत माझं नाव टाकावं, हे मला चालेल. ते भिंतीकडे तोंड करून झोपतात ना, झोपू देत. श्वास मोजून बघत जा एवढंच.

खंडू


नाशिक, तांबट आळी
९ सप्टेंबर १९३६

खंडेराव चिमाजी तांबट यांस,

हे पत्र मी सांगतो आणि नवसा लिहिते. मी सांगेन तसंच लिही, मधे आपलं शहाणपण घालू नकोस, असं तिला बजावलं आहे.

तुझं पत्र नवसानं मला वाचून दाखवलं. तिनं दाखवायचं नव्हतं, पण मी मागितलं. ते घेऊन माझ्या उशाशी रडत बसली तर मागणारच.

माझा जन्म धातूंत गेला. तांबं किती तापवावं, कुठं ठोका घालावा, कुठं थांबावं, हे मला कळतं. पांढऱ्या खड्यात धातू असतो आणि तो पोटात गेला की माणसाचं तोंड बंद करतो, हे मला आत्ता कळलं. तुला डॉक्टर होऊनही उशिरा कळलं. तेव्हा माझ्यापुढं तू फार शहाणा नाहीस आणि तुझ्यापुढं मीही नाही. देवराम मागच्या आठवड्यात येऊन गेला. त्याला खड्ड्याची लांबी विचारली, तेव्हापासून आला नाही.

जेवण वाईट आहे. तुझी बायको रोज येऊन माझे पाय दाबून बघते, विचारत नाही. परवा मी पाय ओढून घेतला तर म्हणाली, “आबा, सूज तुमच्या परवानगीनं येत नाही.” हे तुझ्या आईचं बोलणं होतं. मी पाय पुढं केला.

डॉक्टरीणबाईंनी मला सरळ सांगितलं की ही मूत्रपिंडं फार वर्षं काढणार नाहीत. कदाचित हे वर्षही नाही. मला त्याचं काही नाही. पण उगाच आडपडद्यानं बोलायला आता वेळ नाही.

तुम्ही दोघं म्हणता की ‘बोलव’ मी म्हटलं नाही, मिठानं म्हटलं. खरं आहे. त्या दिवशी मला राग धरायचंही बळ नव्हतं. कुणी माझं घर विकू का विचारलं असतं तरी मी हो म्हटलं असतं. तो होकार धरू नकोस, मी तो मोडतो.

आज मला बळ आहे, डोकं ठिकाणावर आहे, आणि तुझ्यावरचा राग होता तेवढाच आहे. मला न सांगता लग्न केलंस, मला न सांगता गेलास, माझ्या सुनेला माझ्याच गावात माझ्यापासून लपवून ठेवलंस. यावर मला तुला पुष्कळ बोलायचं आहे. ते नवसाच्या अक्षरात नीट उतरत नाही, ती मधेच थांबते आणि डोळे पुसते.

राग काढायला माणूस समोर लागतो. ये.

चिमाजी